घातक सॉफ्टवेअरपासून स्मार्टफोनचे संरक्षण : सुरक्षाव्यवस्था काय अडवते आणि कोठे थांबते

कुंभकोणम (तमिळनाडू) : बँक खात्यातील प्रत्येक उलाढालीची वर्दी देणारा एसएमएस हा आज कोट्यवधी खातेदारांचा पहारेकरी आहे. मोबाइलमध्ये शिरणारे घातक सॉफ्टवेअर, म्हणजेच मालवेअर, बहुतेक वेळा सर्वांत आधी याच पहारेकऱ्याला गप्प करते. ही युक्ती नवी नाही. फेब्रुवारी २०१८ मध्ये कुंभकोणम येथे मुख्यालय असलेल्या सिटी युनियन बँकेवर झालेल्या सायबर हल्ल्यात तीच वापरली गेली होती. फरक एवढाच, की तेथे गप्प केला गेला तो एसएमएस नव्हे, तर एक प्रिंटर होता. स्मार्टफोनमधील सुरक्षाव्यवस्था कोणत्या टप्प्यावर काय अडवते आणि कोणत्या ठिकाणी निर्णय वापरकर्त्यावर सोडते, हे त्या प्रकरणाच्या आधारे नेमके समजून घेता येते.

कुंभकोणममध्ये काय घडले?

तंजावर जिल्ह्यातील कुंभकोणम हे कावेरी आणि अरसलार या नद्यांच्या दरम्यान वसलेले मंदिरांचे शहर आहे. तंजावरच्या भोसले राजवटीच्या मुलखातील हे गाव मराठी वाचकांना अपरिचित नाही. बडोदा संस्थानचे दिवाण राहिलेले सर टी. माधवराव यांचा जन्म १८२८ मध्ये येथेच झाला. याच गावात १९०४ मध्ये ‘कुंभकोणम बँक’ स्थापन झाली. १९८७ पासून ती ‘सिटी युनियन बँक’ या नावाने ओळखली जाते.

परदेशी रक्कम पाठवण्याचे आदेश देण्यासाठी बँका ‘स्विफ्ट’ या आंतरराष्ट्रीय संदेशयंत्रणेचा वापर करतात. ७ फेब्रुवारी २०१८ रोजी हिशेबांची जुळवणी करताना, बँकेने कधीही न दिलेले तीन आदेश तिच्या नावाने या यंत्रणेतून बाहेर गेल्याचे आढळून आले. पहिला आदेश न्यूयॉर्कमार्गे दुबईतील एका बँकेकडे ५ लाख डॉलर पाठवण्याचा होता. दुसरा फ्रँकफुर्टमार्गे तुर्कस्तानातील खात्यात ३ लाख युरो जमा करण्याचा, तर तिसरा न्यूयॉर्कमार्गे चीनमधील एका बँकेकडे १० लाख डॉलर पाठवण्याचा होता. दुबईकडे निघालेली रक्कम तातडीने रोखण्यात यश आले. उरलेल्या दोन रकमा मात्र पुढे गेल्या होत्या.

प्रत्येक आदेश रवाना झाला, की त्याची पोच बँकेच्या प्रिंटरवर छापली जाते आणि ती पाहून कर्मचारी ताळा घेतात. हल्लेखोरांनी स्विफ्ट यंत्रणेला जोडलेला हा प्रिंटरच निकामी करून ठेवला होता. त्यामुळे ६ फेब्रुवारीच्या आदेशांची पोच कोणाच्या हाती आली नाही आणि दुसऱ्या दिवसाच्या जुळवणीपर्यंत चोरी दडून राहिली. फेब्रुवारी २०१६ मध्ये बांगलादेशच्या मध्यवर्ती बँकेतून ८ कोटी १० लाख डॉलर लांबवले गेले, तेव्हाही प्रिंटर बंद पाडण्यात आला होता.

कुंभकोणमच्या घटनेनंतर सहा महिन्यांनी महाराष्ट्रालाही असाच धक्का बसला. ११ आणि १३ ऑगस्ट २०१८ रोजी पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेतून सुमारे ९४ कोटी रुपये काढून घेण्यात आले. एटीएम व्यवहारांना मंजुरी देणाऱ्या यंत्रणेची तोतया यंत्रणा मालवेअरच्या साहाय्याने उभी करण्यात आली. तिच्या बळावर बनावट कार्डांद्वारे अनेक देशांतील एटीएममधून रोकड काढली गेली. त्यानंतर १३ कोटी ९२ लाख रुपये स्विफ्टमार्गे हाँगकाँगमधील एका खात्यात वळवण्यात आले.

या प्रकरणांतून मालवेअरच्या कामाच्या तीन पायऱ्या स्पष्ट होतात. पहिली, विश्वासातल्या यंत्रात प्रवेश मिळवणे. दुसरी, त्या यंत्राच्या मालकाच्या नावाने आदेश देणे. तिसरी, मालकाला खबर देणाऱ्या साधनाचे तोंड बंद करणे. मोबाइलवरील आर्थिक फसवणुकीतही याच तीन पायऱ्या असतात आणि फोनमधील सुरक्षेची प्रत्येक सोय यांपैकी एखादी पायरी अडवण्यासाठीच बांधलेली आहे.

हीच चोरी हातातल्या फोनमध्ये

भारतात मोबाइलवरील मालवेअर बहुधा कुलूप तोडून येत नाही. ते निमंत्रण घेऊन येते. वाहतूक दंडाची पावती, लग्नाची पत्रिका, वीजबिलाची थकबाकी, बँकेचे केवायसी किंवा सरकारी योजनेची यादी अशा नावाने व्हॉट्सअ‍ॅपवर एक फाइल पोहोचते. फाइलच्या नावाच्या शेवटी ‘एपीके’ ही अक्षरे असतात. याचा अर्थ ती पत्रिकाही नसते आणि पावतीही नसते. ते अँड्रॉइड फोनमध्ये बसवण्याचे अ‍ॅप असते. दंडाची पावती किंवा लग्नाची पत्रिका पाहण्यासाठी कधीही अ‍ॅप बसवावे लागत नाही, एवढे लक्षात ठेवले तरी यातील बहुतेक सापळे निष्प्रभ होतात.

असे अ‍ॅप बसले, की ते एसएमएस वाचण्याची परवानगी मागते. ती मिळाल्यावर बँकेकडून येणारा ओटीपी गुन्हेगाराकडे परस्पर पाठवला जातो. अधिक प्रगत मालवेअर ‘अ‍ॅक्सेसिबिलिटी’ सेवेचा ताबा मागते. दृष्टिहीन व दिव्यांग व्यक्तींना फोन वापरता यावा, म्हणून ही सेवा निर्माण करण्यात आली. ती मिळालेले अ‍ॅप पडद्यावरील मजकूर वाचू शकते आणि मालकाच्या वतीने बटणेही दाबू शकते. म्हणजेच मालकाच्या नावाने आदेश देण्याची दुसरी पायरी आणि खबर दडवण्याची तिसरी पायरी, दोन्ही एकाच परवानगीने साध्य होतात.

केंद्र सरकारच्या ‘सर्ट-इन’ या संस्थेने सप्टेंबर २०२१ मध्ये ‘ड्रिनिक’ या मालवेअरविषयी इशारा दिला होता. प्राप्तिकराच्या परताव्याचे आमिष दाखवून ते बँक खातेदारांची माहिती गोळा करत होते. सप्टेंबर २०२२ मध्ये याच संस्थेने ‘सोवा’ या मालवेअरची सूचना प्रसिद्ध केली. ते अ‍ॅक्सेसिबिलिटी सेवेचा गैरवापर करते आणि मालक ते काढून टाकू लागला, की त्याला पुन्हा मुख्य पडद्यावर आणून हे अ‍ॅप सुरक्षित असल्याचा संदेश दाखवते, असे त्या सूचनेत नमूद करण्यात आले होते.

फोन सुरू होतानाची तपासणी

सुरक्षेचा पहिला थर फोन सुरू होण्याच्या क्षणीच काम करतो. फोनच्या चिपमध्ये न बदलता येणारा एक छोटा प्रोग्रॅम असतो. तो पुढच्या टप्प्यातील सॉफ्टवेअरची डिजिटल स्वाक्षरी तपासतो. ते त्याच्या पुढच्याची तपासते. ही साखळी ऑपरेटिंग सिस्टिमपर्यंत जाते. मधल्या एखाद्या भागात कोणी फेरफार केला असेल, तर फोन इशारा देतो किंवा सुरूच होत नाही. अँड्रॉइडमध्ये या व्यवस्थेची सक्तीची अंमलबजावणी २०१६ मधील सातव्या आवृत्तीपासून झाली. आयफोनमध्येही अशीच साखळी आहे.

फोन ‘रूट’ करणे किंवा ‘जेलब्रेक’ करणे म्हणजे ही साखळी आपल्याच हाताने तोडणे होय. असे फोन ओळखून त्यांवर काम करण्यास अनेक बँकांची अ‍ॅप नकार देतात, ते याच कारणाने. ठशाची किंवा चेहऱ्याची ओळख आणि कूटलेखनाच्या किल्ल्या चिपमधील वेगळ्या, बंदिस्त भागात ठेवल्या जातात. अ‍ॅपला त्या भागाकडून केवळ ‘ओळख पटली’ किंवा ‘पटली नाही’ एवढेच उत्तर मिळते. प्रत्यक्ष ठसा कधीच मिळत नाही.

प्रत्येक अ‍ॅपला वेगळी खोली

दुसरा थर ‘सँडबॉक्स’ या नावाने ओळखला जातो. एखाद्या चाळीत प्रत्येक बिऱ्हाडाची खोली वेगळी आणि तिचे कुलूपही वेगळे असते, तशीच ही रचना आहे. अँड्रॉइडमध्ये प्रत्येक अ‍ॅपला स्वतंत्र ओळख क्रमांक दिला जातो आणि त्याचा विदा त्याच्याच खोलीत राहतो. बँकेच्या अ‍ॅपमधील माहिती खेळाच्या अ‍ॅपला वाचता येत नाही. या कुलपांवर लिनक्स प्रणालीतील अधिक कडक नियमावलीचा पहाराही आहे. २०१३ पासून ती टप्प्याटप्प्याने अँड्रॉइडमध्ये आणण्यात आली आणि पाचव्या आवृत्तीत पूर्णपणे लागू झाली.

संगणकाच्या तुलनेत फोन या बाबतीत अधिक सुरक्षित ठरतो. जुन्या पद्धतीच्या संगणकावर वापरकर्त्याने चालवलेला प्रोग्रॅम त्या वापरकर्त्याच्या जवळपास सर्व फायलींपर्यंत पोहोचू शकत असे. फोनमध्ये मात्र शिरकाव झाला, तरी मालवेअर आधी स्वतःच्याच खोलीत कोंडलेले असते. खोलीबाहेर पडण्यासाठी त्याला दोनच मार्ग उरतात. एक म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिममधील एखादा दोष शोधणे आणि दुसरा म्हणजे मालकाकडून परवानगी मिळवणे. पहिला मार्ग खर्चिक आणि कठीण आहे. म्हणूनच सामान्य माणसाला लक्ष्य करणारे गुन्हेगार दुसरा मार्ग पत्करतात.

परवानगी : निर्णायक दरवाजा

२०१५ पूर्वी अँड्रॉइड अ‍ॅप बसवतानाच सर्व परवानग्या एकगठ्ठा द्याव्या लागत. त्या वर्षी आलेल्या सहाव्या आवृत्तीपासून संपर्कयादी, कॅमेरा, मायक्रोफोन, स्थान आणि एसएमएस यांसाठीची परवानगी प्रत्यक्ष गरजेच्या वेळी आणि स्वतंत्रपणे मागितली जाऊ लागली. २०२० मधील अकराव्या आवृत्तीने ‘फक्त या वेळेपुरती’ परवानगी देण्याची सोय केली आणि बराच काळ न वापरलेल्या अ‍ॅपच्या परवानग्या आपोआप काढून घेण्यास सुरुवात केली. बाराव्या आवृत्तीपासून कॅमेरा किंवा मायक्रोफोन सुरू होताच पडद्याच्या कोपऱ्यात हिरवी खूण दिसते.

आर्थिक फसवणुकीच्या दृष्टीने तीन परवानग्या सर्वांत धोक्याच्या आहेत : एसएमएस, सूचना वाचण्याची मुभा आणि अ‍ॅक्सेसिबिलिटी. कुंभकोणमच्या प्रकरणाशी ताडून पाहिल्यास, प्रिंटरची तार कोणाच्या हाती द्यायची, हाच प्रश्न या तीन परवानग्यांतून विचारला जात असतो.

त्यामुळे गेल्या काही वर्षांतील सुधारणा याच तीन दरवाजांभोवती झाल्या आहेत. प्ले स्टोअरवरील अ‍ॅपना एसएमएस व कॉलनोंदी वाचण्यास २०१९ पासून गूगलने मोठ्या प्रमाणावर मज्जाव केला आहे. ज्यांचे मूळ कामच संदेश किंवा कॉल हाताळण्याचे आहे, अशा अ‍ॅपना आणि काही ठरावीक अपवादांनाच ती मुभा मिळते. २०२२ मधील तेराव्या आवृत्तीने बाहेरून आणलेल्या अ‍ॅपना अ‍ॅक्सेसिबिलिटी आणि सूचनावाचनाची मुभा सहजासहजी मिळू नये, अशी तरतूद केली. २०२४ मधील पंधराव्या आवृत्तीत एक पाऊल पुढे टाकले गेले. सूचना वाचण्याची मुभा मिळालेल्या, परंतु विश्वासार्ह नसलेल्या अ‍ॅपपासून ओटीपी असलेला मजकूर झाकला जातो.

आयफोनची भूमिका याहून कडक आहे. बाहेरच्या कोणत्याही अ‍ॅपला वापरकर्त्याची एसएमएसची पेटी वाचण्याची परवानगी तेथे मुळातच मागता येत नाही. त्यामुळे ओटीपी परस्पर पळवणारी अ‍ॅपची जी जात भारतात पसरली आहे, तिचा उपद्रव प्रामुख्याने अँड्रॉइडवर जाणवतो. मात्र खोट्या संकेतस्थळावर पासवर्ड स्वतःच्या हाताने भरणाऱ्याला आयफोनही वाचवू शकत नाही.

अ‍ॅप कोठून आले?

मालवेअरला पहिली पायरी चढू न देणे, हा सर्वांत स्वस्त उपाय आहे. अधिकृत अ‍ॅप दुकानांत येणारे अ‍ॅप तपासले जाते आणि त्यावर निर्मात्याची डिजिटल स्वाक्षरी असते. स्वाक्षरी जुळत नसेल, तर बसवलेल्या खऱ्या अ‍ॅपच्या जागी त्याची तोतया आवृत्ती चढवता येत नाही.

दुकानाबाहेरून अ‍ॅप बसवण्यासाठी अँड्रॉइडमध्ये पूर्वी एकच सामाईक कळ होती. ती एकदा सुरू केली, की कोणत्याही मार्गाने आलेले अ‍ॅप बसत असे. २०१७ मधील आठव्या आवृत्तीपासून ही मुभा प्रत्येक मार्गासाठी वेगळी द्यावी लागते. व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेली एपीके फाइल उघडताना ‘या स्रोताकडून अ‍ॅप बसवू द्यायचे का’ असा प्रश्न पडद्यावर येतो, तो याच तरतुदीमुळे. गुन्हेगाराचा फोन किंवा संदेश या एका प्रश्नाला ‘हो’ म्हणवून घेण्यासाठीच असतो.

मे २०१७ मध्ये गूगलने ‘प्ले प्रोटेक्ट’ ही व्यवस्था जाहीर केली. दुकानातून आलेली आणि बाहेरून आलेली अशी दोन्ही प्रकारची अ‍ॅप ती तपासते. फेब्रुवारी २०२४ मध्ये सिंगापूरमध्ये तिच्या एका वाढीव स्वरूपाचा प्रयोग सुरू झाला आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये भारतासाठीही तो जाहीर करण्यात आला. ब्राउझर, संदेशांचे अ‍ॅप किंवा फाइल व्यवस्थापक यांमार्गे आलेले अ‍ॅप एसएमएस मिळवणे, एसएमएस वाचणे, सूचना वाचणे आणि अ‍ॅक्सेसिबिलिटी या चारपैकी कोणतीही परवानगी मागणारे असेल, तर ते बसण्यापूर्वीच अडवले जाते. फसवणुकीची अ‍ॅप याच परवानग्यांच्या मागे असतात, हे ओळखून ही यादी ठरवण्यात आली आहे.

गुन्हेगार अनेकदा फोनवर बोलत राहून एकेक बटण दाबायला लावतात. त्यावर उपाय म्हणून २०२५ मध्ये अँड्रॉइडच्या सोळाव्या आवृत्तीसोबत नवी तरतूद आली. संपर्कयादीत नसलेल्या व्यक्तीशी बोलणे सुरू असताना प्ले प्रोटेक्ट बंद करणे, दुकानाबाहेरील अ‍ॅप प्रथमच बसवणे किंवा अ‍ॅक्सेसिबिलिटीची मुभा देणे रोखले जाते.

अपडेटचे महत्त्व

कुलूप कितीही भक्कम असले, तरी त्याच्या घडणीत दोष राहू शकतो. जुलै २०१५ मध्ये अँड्रॉइडमधील ‘स्टेजफ्राइट’ हा दोष उघडकीस आला. घातक मजकूर असलेला एक एमएमएस पाठवूनही फोनमध्ये शिरकाव करणे त्यामुळे शक्य होते. या धक्क्यानंतर ऑगस्ट २०१५ पासून गूगलने दरमहा सुरक्षा सूचना प्रसिद्ध करण्यास आरंभ केला. सप्टेंबर २०२३ मध्ये अ‍ॅपलनेही तातडीचे अपडेट दिले होते. वापरकर्त्याने काहीही न दाबता आयफोनवर हेरगिरीचे ‘पेगासस’ सॉफ्टवेअर बसवण्यासाठी वापरले जाणारे दोष त्यात बुजवण्यात आले.

अपडेट प्रसिद्ध झाले, की दोष कोणता होता हेही जगजाहीर होते. त्यामुळे अपडेट न केलेला फोन आदल्या दिवसापेक्षा अधिक असुरक्षित बनतो. फोन किती वर्षे अपडेट मिळवणार, हा खरेदीच्या वेळी किमतीइतकाच महत्त्वाचा प्रश्न आहे. गूगलने २०२३ मधील पिक्सेल ८ आणि सॅमसंगने २०२४ मधील गॅलेक्सी एस २४ या फोनसाठी सात वर्षांच्या अपडेटची हमी दिली. स्वस्त फोनना बहुधा याहून बराच कमी काळ अपडेट मिळतात. हप्ते फेडून जपून वापरलेल्या किंवा घरातील वडीलधाऱ्यांकडे आलेल्या जुन्या फोनवरच बँकेचे व्यवहार सुरू असतील, तर सेटिंगमध्ये जाऊन शेवटच्या सुरक्षा अपडेटची तारीख अवश्य पाहावी.

सुरक्षाव्यवस्थेच्या मर्यादा

या सर्व थरांना मर्यादा आहेत. अधिकृत दुकानातही घातक अ‍ॅप अधूनमधून शिरतात. ‘जोकर’ या नावाचे मालवेअर वेगवेगळ्या रूपांत प्ले स्टोअरवर वारंवार आढळले आहे. काही स्वस्त फोनमध्ये कारखान्यातून ग्राहकापर्यंतच्या प्रवासातच मालवेअर बसवले गेल्याचे प्रकार घडले आहेत. ‘ट्रायडा’च्या बाबतीत तसे घडल्याची पुष्टी गूगलने २०१९ मध्ये दिली. नव्या तरतुदींना वळसा घालण्यासाठी गुन्हेगार आधी निरुपद्रवी वाटणारे अ‍ॅप बसवतात आणि त्याच्यामार्फत खरे मालवेअर आत आणतात.

पत्रकार, वकील, कार्यकर्ते अशा विशेष जोखमीतील व्यक्तींसाठी अ‍ॅपलने २०२२ मध्ये ‘लॉकडाउन मोड’ आणि गूगलने २०२५ मध्ये ‘अ‍ॅडव्हान्स्ड प्रोटेक्शन’ आणले. यात काही सोयींवर पाणी सोडून हल्ल्याच्या वाटा कमी केल्या जातात.

सर्वांत मोठी मर्यादा मात्र तांत्रिक नाही. सुरक्षाव्यवस्था प्रश्न विचारू शकते, इशारा देऊ शकते, काही काळ अडवून धरू शकते. परंतु फोनचा मालकच पुन्हा पुन्हा ‘हो’ म्हणत असेल, तर अनेक दरवाजे अखेर उघडतात. दंड, अटक किंवा खाते गोठण्याची भीती घालून माणसाला घाईत टाकणे, हे म्हणूनच गुन्हेगारांचे प्रमुख शस्त्र आहे.

वापरकर्त्याने काय तपासावे?

पुढील तपासणीला दहा मिनिटे पुरतात आणि घरातील प्रत्येक फोनवर ती करण्याजोगी आहे.

१. प्ले स्टोअरमध्ये आपल्या प्रोफाइलच्या चित्रावर दाबून प्ले प्रोटेक्ट सुरू असल्याची खात्री करावी आणि एकदा तपासणी चालवावी.

२. सेटिंगमधील अ‍ॅक्सेसिबिलिटीच्या यादीत कोणती अ‍ॅप सुरू आहेत ते पाहावे. ओळखीचे नसलेले नाव दिसल्यास ते तात्काळ बंद करावे.

३. एसएमएस आणि सूचना वाचण्याची मुभा कोणाला आहे, याची यादी तपासावी. विजेरी, वॉलपेपर किंवा खेळाच्या अ‍ॅपला एसएमएसचे काहीच काम नसते.

४. व्हॉट्सअ‍ॅप, ब्राउझर आणि फाइल व्यवस्थापक यांना अज्ञात अ‍ॅप बसवण्याची दिलेली मुभा काढून घ्यावी. व्हॉट्सअ‍ॅपमधील फायली आपोआप डाउनलोड होण्याची सोयही बंद ठेवावी.

५. बँकेचे अ‍ॅप अधिकृत दुकानातूनच घ्यावे. रिझर्व्ह बँकेने बँकांना आपली संकेतस्थळे ‘डॉट बँक डॉट इन’ या राखीव पत्त्यावर नेण्यासाठी ३१ ऑक्टोबर २०२५ ही मुदत दिली होती. पत्त्याचा शेवट तसा आहे का, हे पाहण्याची सवय लावून घ्यावी.

६. एसएमएसबरोबर ईमेलवरही व्यवहाराची सूचना मागवावी. एक साक्षीदार गप्प केला गेला, तरी दुसरा बोलेल. पासबुक किंवा खातेउतारा नियमित पाहणे हा याच तत्त्वाचा जुना आणि आजही उपयुक्त प्रकार आहे.

‘सर्ट-इन’च्या वतीने २१ फेब्रुवारी २०१७ रोजी सुरू झालेल्या सायबर स्वच्छता केंद्राच्या संकेतस्थळावर मोफत सुरक्षा साधने उपलब्ध आहेत. सी-डॅकने विकसित केलेले ‘एम-कवच’ हे मोबाइलसाठीचे अ‍ॅप त्यांपैकी एक आहे.

शंका आल्यास तातडीने काय करावे?

फोन अचानक तापू लागला, बॅटरी लवकर उतरू लागली, बँकेचे एसएमएस येणे थांबले, एखादे अ‍ॅप काढून टाकता येईनासे झाले किंवा पडदा आपोआप हलू लागला, तर मालवेअरची शंका घ्यावी. अशा वेळी प्रथम फोन विमान मोडमध्ये टाकावा आणि वाय-फाय बंद आहे का ते पाहावे. त्यामुळे गुन्हेगाराचा फोनशी असलेला संपर्क तुटतो. त्यानंतर दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवून खाते, कार्ड आणि यूपीआय रोखण्यास सांगावे. पासवर्ड बदलायचे असल्यास तेही दुसऱ्या, स्वच्छ फोनवरूनच बदलावेत.

संशयित अ‍ॅप निघत नसेल, तर फोन ‘सेफ मोड’मध्ये सुरू करावा. या स्थितीत बाहेरून बसवलेली अ‍ॅप चालत नाहीत. मग त्या अ‍ॅपला दिलेली ‘डिव्हाइस अ‍ॅडमिन’ची मुभा काढून ते हटवावे. तेवढ्याने समाधान होत नसेल, तर छायाचित्रे व कागदपत्रे सुरक्षित ठेवून फोन मूळ स्थितीत आणावा. तक्रारीसाठी पुरावा लागतो. म्हणून आलेला संदेश, क्रमांक आणि व्यवहाराचा तपशील आधी दुसऱ्या फोनवर टिपून ठेवावा.

पैसे गेले असल्यास १९३० या राष्ट्रीय मदत क्रमांकावर लगेच दूरध्वनी करावा आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे नोंदणी पोर्टलवर तक्रार नोंदवावी. रक्कम एका खात्यातून दुसऱ्या खात्यात फिरत असतानाच ती गोठवण्याचा प्रयत्न केला जातो, त्यामुळे पहिले काही तास मोलाचे असतात. कुंभकोणमच्या प्रकरणातही तीनपैकी एक रक्कम वेळेत अडवली गेल्याने वाचली.

रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकानेही वेळेला असेच महत्त्व दिले. चूक बँकेची नाही आणि ग्राहकाचीही नाही, अशा प्रकरणात बँकेची सूचना मिळाल्यापासून तीन कामकाजी दिवसांत तक्रार केल्यास ग्राहकावर कोणताही भार पडत नाही, असे तत्त्व त्यात घालून देण्यात आले. ग्राहकाच्या निष्काळजीपणामुळे नुकसान झाले असल्यास बँकेला कळवेपर्यंतचा तोटा त्यालाच सोसावा लागतो. कळवल्यानंतरचे नुकसान मात्र बँकेवर येते. म्हणजे चूक आपलीच झाली असे वाटत असले, तरी संकोचाने गप्प बसण्यात नुकसानच अधिक आहे.

घातक सॉफ्टवेअरची रूपे दरवर्षी बदलतात, नावेही बदलतात. प्रवेश मिळवणे, मालकाच्या नावाने आदेश देणे आणि खबर देणाऱ्याला गप्प करणे हा त्याचा क्रम मात्र कायम आहे. फोनमधील सुरक्षाव्यवस्था या तिन्ही ठिकाणी पहारा देते आणि प्रत्येक वेळी मालकाला एक प्रश्न विचारते. तो प्रश्न वाचून, घाई न करता उत्तर देणे एवढे काम वापरकर्त्याकडे उरते.